पाच मिनिटांत न मावणाऱ्या टीचर

आमच्या शाळेत मोबाइल जप्त करणारे शिक्षक पुष्कळ होते. खोडरबर जप्त करणाऱ्या एकट्या टीचरच. आठवी-नववीला विज्ञान शिकवायच्या. वर्गात शिरल्या की पहिल्यांदा बाकांच्या रांगांमधून फिरायच्या, तळहात पुढे करायच्या, आणि मुलं निमूटपणे आपापले रबर त्यावर ठेवायची. ते सगळे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जायचे.

"चुकलं तर एक रेघ मारा आणि पुढे लिहा," त्या म्हणायच्या. "चुकलेलं मला दिसलं पाहिजे. नाहीतर तुम्ही कुठून कुठे गेलात ते मला कसं कळणार?"

वर्ष संपताना डबा टेबलावर उपडा व्हायचा आणि ज्याने त्याने आपला रबर ओळखून न्यायचा. आठवीतली घोडी झालेली मुलं तेव्हा बालवाडीतल्यासारखी भांडायची.

मी त्या शाळेत लागले तेव्हा टीचरांचं निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष होतं. शाळा बोरिवली पश्चिमेला, आणि टीचर राहायच्या गोराईला, खाडीच्या पलीकडे. सकाळच्या फेरीबोटीतून यायच्या. जुन्या गावठाणातल्या ख्रिश्चन कुटुंबातल्या. घरामागे थोडी वाडी होती, तिथे भाजी लावायच्या. त्यांच्या कापडी पिशवीतून जेवणाच्या डब्याशिवाय काय निघेल ते सांगता यायचं नाही: काचेचा पेला, नरसाळं, सुतळी, दोन बटाटे, सायकलची ट्यूब. पिशवी खाली ठेवली की खणखणायची आणि स्टाफरूममधलं कुणीतरी म्हणायचं, "आलं टीचरचं दुकान."

त्यांचं ठरलेलं बोलणं एकच. कुणीही काहीही सांगितलं, बरोबर सांगितलं किंवा साफ चूक, तरी त्या मान तिरकी करून म्हणायच्या, "बरं. आणि?"

पहिल्यांदा हे माझ्यावर आलं ते शाळेतल्या पहिल्याच आठवड्यात. मी आपलं शिष्टाचार म्हणून म्हटलं, "टीचर, मला इथे खूप छान वाटतंय."

"बरं. आणि?"

आता आणि काय? त्या थांबून राहिल्या. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि भीती पण वाटते."

"हां," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून पेरू काढून अर्धा मला दिला.

त्यांच्याकडे एक जाड वही होती. तिच्यात त्या मुलांची चुकीची उत्तरं उतरवून ठेवायच्या. सगळी नाही, फक्त आवडलेली. मधल्या सुट्टीत कधी मूड असला तर वाचून दाखवायच्या. गाय हिरवं गवत खाते, मग दूध पांढरं कसं? कुणीतरी लिहिलं होतं, 'हिरवा रंग शेणात जातो.' भिंतीतून आवाज जातो पण उजेड जात नाही, का? 'कारण आवाज धक्का मारतो, उजेड सभ्य आहे.' हे वाचताना टीचर इतक्या हसायच्या की चष्मा काढून पदराने डोळे पुसायच्या. मग एकदम गंभीर होऊन म्हणायच्या, "चूक आहे. पण या पोराने विचार केलाय. बरोबर उत्तर लिहिणाऱ्या तिसांनी केला नव्हता."

मी त्या शाळेत आले ती मात्र त्यांच्या अगदी उलट कामासाठी. शाळेचा दुसरा मजला दुरुस्तीला काढला होता. खांबांना लोखंडी टेकू लावलेले, वर्ग कमी पडत होते. व्यवस्थापनाने ठरवलं, मोठ्या वर्गांनी आलटून पालटून यायचं: तीन दिवस शाळा, दोन दिवस घर. घरच्या दिवशी मुलांनी मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि स्वाध्याय सोडवायचा. याला 'मिश्र शिक्षण' असं नाव होतं, आणि पालकांना वाटलेल्या रंगीत पत्रकात लिहिलं होतं की यामुळे विद्यार्थ्यांची सर्जनशील विचारशक्ती वाढेल. टीचरांनी ते पत्रक नीट वाचलं, घडी केली आणि मला विचारलं, "वाढेल म्हणतायत. पण वाढवणार कोण? फोन?"

व्हिडिओ बनवायचं काम माझं. एका वर्षासाठी घेतलं होतं मला. योजना नीट चालली तर पुढे ठेवणार होते. कॉम्प्युटर रूमच्या कोपऱ्यात पांढरा पडदा लावला, स्टँडवर फोन ठेवला. नियम मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, लेखी दिले होते. पाच मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ नको. शेवटी उत्तरासकट तीन प्रश्न.

बाकीच्या शिक्षकांचं पटापट झालं. टीचर स्टुलावर बसल्या, आणि पूर्ण अर्धं मिनिट फोनकडे टक लावून बघितलं. मग म्हणाल्या, "कोण आहे तिकडे?"

"टीचर, मुलं आहेत असं समजा."

"कुठली मुलं? आठवी ब की क?"

"सगळीच."

"सगळी म्हणजे कुणीच नाही," त्या म्हणाल्या. उठल्या, खाली जाऊन हजेरीपट घेऊन आल्या, मांडीवर उघडा ठेवला आणि मग बोलायला लागल्या. "पूर्वा, तू खिडकीत बसली असशील. इकडे बघ. हर्षल, आधी चार्जर लाव, मध्येच बंद पडेल." प्रत्येक व्हिडिओत त्या अशी तीन-चार नावं घ्यायच्या. ती कुठली हे आधी कुणाला माहीत नसायचं. त्यामुळे झालं काय, की इतरांचे व्हिडिओ मुलं पळवत पळवत बघायची आणि टीचरांचा मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत. न जाणो, आपलं नाव येईल.

पण खरी गडबड शेवटात होती. त्यांनी काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, संत्रं सोडलं, ते तरंगलं. मग दुसरं संत्रं सोललं, पाण्यावर धरलं आणि फोनकडे बघून म्हणाल्या, "आता हे सोडते. काय होईल? तरंगेल की बुडेल? आणि का?" आणि संत्रं हातात ठेवून मला म्हणाल्या, "बंद कर."

"टीचर, सोडा ना ते!"

"शाळेत सोडेन. बंद कर."

दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर वाट लागली. 'टीचरनी उत्तरच नाही सांगितलं, मुलीने लिहायचं काय?' 'व्हिडिओ अर्धवट आला आहे, पुन्हा पाठवा.' मोठ्या बाईंनी दोघींना बोलावून घेतलं. बाई चांगल्या होत्या, पण दुरुस्ती, ठेकेदार आणि व्यवस्थापन या तिघांच्या मध्ये सापडल्या होत्या.

"टीचर, शेवटी उत्तर सांगा ना. इतकंच तर मागतायत लोक."

"उत्तर मी घरपोच पाठवलं तर मुलं शाळेत कशाला येतील?" टीचर म्हणाल्या. "घरी प्रश्न, शाळेत भांडण. मग तुमच्या या मिश्रणाला काहीतरी चव येईल."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. माझी नोकरी या बाईच्या सोललेल्या संत्र्यावर टांगली होती.

मग ते भांडण मी स्वतः बघितलं. व्हिडिओनंतरच्या शाळेच्या दिवशी मला चित्रीकरण नव्हतं म्हणून आठवी 'ब'च्या मागच्या बाकावर जाऊन बसले. वर्ग दोन पक्षांत फुटला होता. साल काढली म्हणजे वजन कमी झालं, मग जास्त तरंगणार, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू नुसतीच, "नाही रे, बुडणार!" म्हणून ओरडत होती. दोघा-तिघांनी घरी करून बघितलं होतं. त्यांना टीचरांनी फळ्याजवळ वेगळं बसवलं होतं. "हे साक्षीदार. यांनी तोंड उघडायचं नाही." साक्षीदार पोटात कळ आल्यासारखे बसले होते. टीचर मध्येच कुणाला तरी "बरं. आणि?" म्हणायच्या, की तो आणखी चार वाक्यं पुढे जायचा. पस्तीस मिनिटांनी संत्रं पाण्यात सोडलं. ते सरळ तळाला गेलं आणि असा काही आवाज झाला की शेजारच्या वर्गावरचे सर धावत आले.

या सगळ्यात पूर्वा एक शब्द बोलली नाही. ती वर्गात कधीच बोलायची नाही. दुसऱ्या बाकावर, खिडकीकडे, वेण्या घट्ट बांधलेली, हाक मारली तर मान खाली. मला वाटायचं हुशारी बेताची असेल. ती दहिसरला राहायची. आई मालाडला इमिटेशन दागिन्यांच्या कारखान्यात कामाला, घरी मालवणहून आलेली आजी. वडील नव्हते.

पण घरच्या दिवशी तीच पूर्वा टीचरांना आवाजाचे निरोप पाठवायची. टीचर फोन टोस्टसारखा तोंडासमोर आडवा धरून ते ऐकायच्या. संत्र्याच्या वेळचा त्यांनी मला ऐकवला होता. आजूबाजूला कुकरची शिट्टी, आणि बारीक पण भराभर बोलणारा आवाज: "टीचर, मला वाटतं सालीच्या आत हवा असते. म्हणजे साल हे संत्र्याचं लाइफ जॅकेट. तुमच्या बोटीत टांगलेली असतात ना, तशी. जॅकेट काढलं की बुडणार. चूक असेल तर सांगू नका, शुक्रवारी मी बघीन."

"ऐकलंस?" टीचर म्हणाल्या. "चौतीस पोरांसमोर हिचा आवाज निघत नाही. घरी एकटी असली की निघतो. हे तुझ्या फोनने केलं. मी केलं नाही." त्यांनी फोनचं केलेलं हे पहिलं कौतुक. मला उगाच आपलंच केल्यासारखं वाटलं.

घटक चाचणीचा निकाल लागला तेव्हा मी आधी टीचरांचे वर्ग बघितले. गुण पूर्वीइतकेच होते. वाढले नव्हते, पण घटलेही नव्हते. मी जिन्यात उभी राहून मोठा श्वास सोडला. टीचरांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चाचणीत पाठ केलेलंच विचारलंय. वाढतील कशाने?"

पाच मिनिटांवरून मात्र आमचं रोजचं भांडण. त्यांचा कुठलाच व्हिडिओ सात-आठ मिनिटांच्या आत संपायचा नाही. मध्येच गावातली गोष्ट, मध्येच कुणाची चौकशी. मी बसून कापायची. त्या कधी बघायच्या नाहीत. "माझं मला कशाला बघायचं?" म्हणायच्या.

त्यातला मेणबत्तीचा व्हिडिओ. प्रश्न असा होता: जळती मेणबत्ती विझवायची. फुंकायचं नाही, पाणी टाकायचं नाही. किती रीतींनी विझवता येईल? जितक्या सुचतील तितक्या लिहा, वेड्यासारख्या असल्या तरी चालतील. मूळ व्हिडिओ सात मिनिटं चाळीस सेकंदांचा. त्यात टीचरांनी आपल्या आत्याची लांबलचक गोष्ट सांगितली होती. नाताळच्या मेणबत्तीवर वाकली आणि तिचे केस पेटले, मग कुणी काय केलं वगैरे. आणि त्या गोष्टीच्या शेवटी सांगितलं होतं, "म्हणून घरी कुणीही मेणबत्ती पेटवायची नाही. डोक्यात पेटवायची, डोक्यात विझवायची. कळलं?"

मी आत्याची गोष्ट कापली. गोष्टीबरोबर ते वाक्यही गेलं. गेलेलं मला दिसलं. मी विचार केला, स्वाध्यायाच्या कागदावर लिहून टाकू. आणि मग लिहायचं विसरले.

तो गुरुवार होता, आठवी 'ब'चा घरचा दिवस. बाराच्या सुमाराला मोठ्या बाईंचा शिपाई मला शोधत आला. केबिनमध्ये टीचर आधीच उभ्या होत्या. बाईंनी फोन माझ्यासमोर धरला. पालकांच्या ग्रुपवर, पूर्वाच्या इमारतीत राहणाऱ्या एका आईने लिहिलं होतं: 'विज्ञान टीचरांचा मेणबत्तीचा प्रयोग करताना पूर्वाच्या घरी आग लागली. मुलगी भाजली आहे. शाळेला काही जबाबदारी आहे की नाही?' खाली वीस-पंचवीस उत्तरं. पूर्वाच्या घरचा फोन लागत नव्हता.

"मेणबत्ती पेटवायला कुणी सांगितली होती?" बाईंचा आवाज चढला होता. "व्हिडिओ कुणाचा?"

"माझा," टीचर म्हणाल्या.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. टीचर पुढे म्हणाल्या, "जे काय झालं असेल ते माझ्या शिकवण्यात झालंय. आधी मी पोरीकडे जाते. मग बोला." आणि निघाल्या. मी त्यांच्या मागे.

रिक्षात बसलो. टीचरांनी पिशवी मांडीवर घेतली होती आणि दोन्ही हातांनी आवळून धरली होती. लिंक रोडला खोदकाम, रिक्षा पुढे सरकेना. पूर्वाच्या घट्ट वेण्या डोळ्यांसमोरून जात नव्हत्या. आणि आत्याचे केस.

"टीचर," मी म्हटलं, "ते पेटवू नका म्हणून तुम्ही सांगितलेलं... ते व्हिडिओत नाही. मी कापलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "किती कापलंस?"

"दोन मिनिटं चाळीस सेकंद."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि पुढे काहीच नाही. 'आणि' नाही की काही नाही. त्या एका शब्दाने मला जे वाटलं ते कुणी कानाखाली मारून वाटलं नसतं. मी रडायला लागले. टीचर पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाल्या, "भैया, गली से निकालो ना, बच्ची का मामला है."

इमारतीखाली बायका जमल्या होत्या. जळक्या तेलाचा वास जिन्यापर्यंत येत होता. "आता आल्या बघा," कुणीतरी मोठ्याने म्हणालं. लिफ्ट बंद. चौथा मजला. साठीला टेकलेल्या टीचर माझ्या पुढे चढत होत्या.

दार उघडंच होतं. पूर्वा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेली, उजवा हात पाण्याच्या पातेल्यात. वेण्या जागच्या जागी. चेहरा जागच्या जागी. टीचर दारातच थांबल्या आणि तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"हात काढ."

तिने काढला. दोन बोटं लाल झाली होती, एकावर फोड. बास.

"आणखी कुठे?"

"कुठे नाही टीचर."

मी भिंतीला टेकले.

आतून आजी आली. बारकी, नऊवारीतली म्हातारी. आम्ही शाळेतल्या आहोत हे कळल्यावर तिने टीचरांचे दोन्ही हात धरले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

"काय सांगू तुमका बाई," आजी म्हणाली, "चूक माझी. कढयेत तेल तापत ठेवलंय पापड तळूक, आणि दारात शेजारणीवांगडा बोलत रवलंय. मागे वळान बघतंय तर कढय पेटलेली! ह्येव्हढो जाळ! मी बालदी घेतलंय पाण्याची, ओतूक गेलंय. तर ह्या चेडवान, ह्या पूर्वान, माका बाजूक ढकलल्यान! म्हणता, आजी पाणी नको, पाणी नको! आणि परात घेतल्यान आणि घातल्यान कढयेर."

आम्ही स्वयंपाकघरात डोकावलो. शेगडीमागची भिंत छतापर्यंत काळी. वरच्या फळीवरचे प्लास्टिकचे डबे वितळून एकमेकांना चिकटलेले. आणि शेगडीवर, कढईवर, पितळेची मोठी परात, अजून तशीच झाकलेली.

"गॅस आधी बंद केला," पूर्वा मागून म्हणाली. "मग परात एका बाजूने सरकवत आणली. सगळे म्हणत होते उघडून बघ, विझलं का. मी म्हटलं गार होऊ दे. आत हवा गेली तर परत पेटेल ना?"

टीचर तिथेच फरशीवर बसल्या. पदराचा बोळा करून तोंडावर धरला. बराच वेळ नुसते खांदे हलत होते. रडत होत्या की हसत होत्या, मला आजही नक्की सांगता येणार नाही.

मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "पाणी नको, हे तुला कसं सुचलं?"

"तुम्हीच सांगितलं होतं. फुंकायचं नाही, पाणी टाकायचं नाही."

"अगं, ते मी खेळ अवघड करायला म्हटलं होतं! तेलाचा विचार माझ्या डोक्यात सुद्धा नव्हता."

पूर्वा जरा गोंधळली. "पण... फोडणीत पाण्याचा थेंब पडला तरी आजी ओरडते, तेल अंगावर येईल म्हणून. मग एवढ्या तेलात बालदीभर टाकलं तर?" तिने बाहेरच्या खोलीकडे बोट केलं. "आणि मी तेच लिहीत होते ना, मेणबत्तीचं. अकरा झाल्या होत्या. झाकण घालायचं हे तिसरं होतं."

बाहेरच्या खोलीत टेबलावर तिची वही उघडी होती. एक: वात कात्रीने कापायची. दोन: वाळू. तीन: वरून पेला. पुढे आणखी. एकावर रेघ मारून पुढे लिहिलेलं. वहीशेजारी नवीकोरी मेणबत्ती, वात पांढरी. शेजारणीने नेमकी ती मेणबत्ती बघितली होती आणि बाकीचं स्वतः जुळवलं होतं.

"पेटवली नाहीस?" मी विचारलं.

"पेटवणार होते, टीचरनी नको थोडंच म्हटलं होतं! पण आजीने माचिस लपवून ठेवली."

म्हणजे मी वाचले ते आजीमुळे. हे मी कधी विसरले नाही.

तेवढ्यात तिची आई मालाडहून धापा टाकत आली. कुणीतरी तिला कारखान्यात फोन करून तेच अर्धवट सांगितलं होतं. आम्हाला बघून तिचा चेहरा असा झाला की मी मागे सरले. मग आजीने पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं, या खेपेला जाळ छताला लागला. आई ऐकत होती आणि पूर्वाच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, हातांवरून हात फिरवत होती, सगळं आहे ना ते मोजल्यासारखा. शेवटी टीचरांकडे वळून म्हणाली, "ही शाळेत काही बोलत नाही म्हणून मला वाटायचं, कसं होणार हिचं."

"बोलते ती," टीचर म्हणाल्या. "आम्ही समोर बसलो की जरा अडतं. अडू दे थोडं."

ग्रुपवर खरं काय ते आईनेच लिहिलं. पूर्वाला घेऊन ती खालच्या डॉक्टरकडे गेली, आणि आम्ही बाहेर पडलो. मोठ्या बाईंना मी फोनवर एवढंच सांगितलं, मुलगी ठीक आहे, मेणबत्तीने काही झालं नाही. त्या पलीकडे 'देवा' म्हणाल्या.

शाळा सुटायची वेळ झाली होती. टीचर म्हणाल्या, "तू सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. चल माझ्याबरोबर." मी नाही म्हणण्याच्या स्थितीत नव्हते.

फेरीबोटीत त्या कठड्याशी बसल्या. खाडीचं पाणी उतरलं होतं, तिवरांची मुळं उघडी पडली होती. जरा वेळाने म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवलं गो, कुणा पोराला माझ्यामुळे ओरखडा नाही आला. आज रिक्षात वाटलं, शेवटच्या वर्षी माझं शिकवणं एका पोरीला लागलं."

"लागलंच की, टीचर, कामाला," मी म्हटलं.

त्या पहिल्यांदा चमकल्या, मग हसल्या. शेजारी बसलेल्या कोळणीने आमच्याकडे वळून बघितलं, इतक्या हसल्या.

त्यांच्या घरी मी बोंबलांचं कालवण आणि भात जेवले. त्यातल्या तिखट बाटलीमसाल्याने नाकातून पाणी आलं, तरी दोनदा भात घेतला. मग मागच्या ओटीवरच्या बाकावर जरा टेकते म्हटलं आणि मेल्यासारखी झोपले. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. अंगावर कुणीतरी चादर घातली होती. घरामागे टीचर साडी खोचून वांग्यांच्या वाफ्यात वाकलेल्या दिसत होत्या. रिक्षातल्या माझ्या बोलण्यानंतर त्यांनी त्या कापण्याचा एक शब्दही काढला नव्हता. केबिनमध्ये 'माझा' म्हणाल्या होत्या, ते तसंच राहणार होतं. माझं कुणी नावही घेणार नव्हतं.

मी ओटीवर बसूनच मोठ्या बाईंना फोन लावला.

"बाई, टीचरनी सांगितलं होतं पेटवू नका म्हणून. व्हिडिओ पाच मिनिटांत बसवायला मी ते कापलं. कागदावर लिहायचं पण विसरले. ती पोरगी खरंच पेटवणार होती."

मला वाटलं, झालं आपलं वर्ष.

"मूळ किती मिनिटांचा होता?" बाईंनी विचारलं.

"सात चाळीस."

"मग उद्या सात चाळीसचाच टाक. पाच मिनिटांचं व्यवस्थापनाशी मी बोलते." मग म्हणाल्या, "आणि यापुढे काही कापलंस तर ज्याचं आहे त्याला दाखवून काप. तू जेवलीस का?"

"जेवले," मी म्हटलं. आणि फोन ठेवला.

टीचरांनी ऐकलं असणार, भिंत कुठे होती मध्ये. त्या वाफ्यातून उठल्या नाहीत. एक वांगं तोडून टोपलीत टाकलं आणि मला हाक मारली, "ये गो, हात लाव. काटे असतात देठाला, बघून धर."

मी चपला ओटीवरच ठेवल्या आणि ओल्या मातीत उतरले.